नोकरी सांभाळून लांब ट्रायथलॉन: आधी सायकलवर खायला शिका

१.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं. एकूण ११३ किमी, म्हणजे ७०.३ मैल. 'आयर्नमॅन ७०.३' या स्पर्धेच्या नावातला आकडा तिथूनच आला आहे. गोव्यात ही स्पर्धा २०१९ साली पणजीजवळच्या मिरामारला सुरू झाली आणि पुण्या-मुंबई-कोल्हापूरकडचे अनेक हौशी खेळाडू लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये पहिल्यांदा तिथेच उतरतात. साधारण साडेआठ तासांची मर्यादा असते. आठवड्याला ८ ते १० तास देता आले, तर २० आठवड्यांत नोकरी-घर सांभाळणारा माणूस ती मर्यादेत पूर्ण करू शकतो. तुम्हाला आजच अर्धा तास सलग पोहता येतं, १० किमी धावता येतं आणि सायकलवर तास-दोन तास बसायची सवय आहे, असं इथे धरलं आहे. चाळिशी ओलांडली असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

"आणखी किलोमीटर करा" हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. पण धावण्याच्या टप्प्यात रस्त्याकडेला बसलेल्यांपैकी बहुतेकांनी किलोमीटर पुरेसे केलेले असतात. आधीच्या साडेतीन-चार तासांत सायकलवर त्यांनी खाल्लेलं नसतं, किंवा भलतंच खाल्लेलं असतं. म्हणून बाकीच्या पायऱ्या इथे थोडक्यात आहेत आणि ही एक सविस्तर.

१. आठवडा आखा

सोमवारी विश्रांती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पोहणं. बुधवारी संध्याकाळी घरच्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवता येईल असा स्टँड) एक तास. गुरुवारी ऑफिसच्या आधी ८-१० किमी धावणं. शनिवारी लांब धावणं, १० किमीपासून वाढवत १८ पर्यंत. रविवारी लांब सायकल, ५० किमीपासून वाढवत १०० पर्यंत, आणि उतरल्या उतरल्या १५-२० मिनिटं धावणं. दर चौथ्या आठवड्यात सगळंच एक तृतीयांशाने कमी करा.

लांब सायकल आणि लांब धावणं पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्याच जोराने करायचं. वेळ कमी आहे म्हणून रोज दम लागेपर्यंत पळणारे दहाव्या आठवड्यात गुडघा किंवा पोटरी धरून बसतात.

चुकलेला दिवस चुकला. मंगळवारचं पोहणं बुधवारच्या सायकलीला जोडू नका. रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल, तर सकाळचा जोराचा व्यायाम सोडा आणि हळू चालून या. रविवारी किती वाजता परत येणार ते शनिवारीच घरी सांगा आणि त्या वेळेला दारात हजर राहा. उशीर करत राहिलात, तर पाचव्या रविवारी घरचा पाठिंबा संपतो आणि तो नसेल तर २० आठवडे निभत नाहीत.

२. पावसाळ्याचा हिशेब आधीच करा

स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन सराव जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो. पावसात घाट उतरू नका. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की चाक सरकतं आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही. जोराचा पाऊस असेल त्या रविवारी ट्रेनरवर दोन तास करा. समोर पंखा हवाच. वारा नसला तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि पाऊण तासात पाय जड होतात.

श्रावणी सोमवार करत असाल, तर तो विश्रांतीच्या दिवशीच येतो. नवरात्राचे नऊ दिवस उपास असेल, तर भगर, रताळं, केळं, राजगिरा भरपूर खाऊन सराव चालू ठेवता येतो. पण नुसत्या चहा-दुधावर उपास करून लांब सायकल करू नका.

३. पोहणं

बऱ्याच सार्वजनिक तलावांवर पाऊण तासाची बॅच असते. त्यात २०० मीटर सावकाश, मग १०० मीटर बारा वेळा आणि प्रत्येकानंतर १५-२० सेकंद थांबणं, शेवटी २०० मीटर सावकाश. स्पर्धेआधी किमान चारदा उघड्या पाण्यात पोहा. एकट्याने कधीही नाही, आणि कमरेला भडक रंगाचा फ्लोट बांधूनच. दर आठ हातांनी डोळे पाण्यावर काढून खूण बघायची सवय लावा. तलावात तळाची काळी रेघ दिशा देते, समुद्रात कोणी देत नाही. गोव्याचं पाणी इतकं कोमट असतं की वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) चालत नाही, तेव्हा त्याच्या तरंगण्यावर भिस्त ठेवू नका. मानेला आणि काखेत व्हॅसलीन लावा. खाऱ्या पाण्यात कातडी सोलवटते.

४. सायकल

फिटिंग करून घ्या, म्हणजे सीट आणि हँडल तुमच्या मापाला बसवून घ्या, आणि पंक्चर स्वतः काढायला शिका. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवा. जिथे तो अडकेल तिथे तार आहे. ती काढली नाही, तर दुसरी ट्यूब पाच मिनिटांत जाते.

५. सायकलवर खाणं

शरीरात साठलेली साखर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. जोर लावला की ती दीड-दोन तासांत तळाला जाते, आणि स्पर्धा तर सहा ते आठ तासांची. पोहताना खाता येत नाही, धावताना पोट हिंदकळतं. म्हणजे पोटात भर घालायची जागा एकच, सायकलची सीट. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य ठेवा. ९० किमी ताशी २५ने केले तर साधारण ३ तास ३६ मिनिटं लागतात, म्हणजे एकूण २१० ग्रॅमच्या आसपास.

पहिल्याच रविवारी ६० ग्रॅम पोटात ढकलू नका. न सरावलेलं आतडं एवढी साखर शोषत नाही. ती तिथेच पडून राहते, पाणी ओढून घेते आणि मग कळ येते, जुलाब होतात. पायांसारखाच आतड्यालाही सराव द्यावा लागतो. पहिले तीन आठवडे तासाला ३० ग्रॅम, मग दर दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढवा. दहाव्या आठवड्यापर्यंत ६० वर आलात, की तिथून पुढे किमान पाच रविवार स्पर्धेसारखंच, त्याच बाटल्या आणि त्याच वेळा पाळून खा. उतरल्यावरचं धावणं गाळू नका. सायकलवर शांत राहिलेलं पोट धावायला लागल्यावर पाचव्या मिनिटाला खरं काय ते सांगतं.

बाटली घरीच बनवा. ७५० मिली पाण्यात २५ ग्रॅम साखर, २० ग्रॅम ग्लुकोज पावडर, सपाट पाव चमचा मीठ (साधारण दीड ग्रॅम) आणि अर्ध्या लिंबाचा रस. साखर आणि ग्लुकोज चमच्याने मोजू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. शिगोशिग चमचा आणि सपाट चमचा यांत जवळपास दुपटीचा फरक पडतो. नुसती ग्लुकोज पावडर वापरू नका. आतड्यात ग्लुकोज एका वाटेने शोषलं जातं आणि ती वाट तासाला ६० ग्रॅमच्या आसपास तुंबते. साखरेतलं निम्मं फ्रुक्टोज असतं आणि ते दुसऱ्या वाटेने जातं, म्हणून मिश्रण पोटाला हलकं पडतं. या बाटलीत ४५ ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणजे ६ टक्के. एवढं पातळ द्रावण पोटातून लवकर पुढे सरकतं. बाटल्या कमी न्यायच्या म्हणून एकाच बाटलीत १०० ग्रॅम घातले, तर ते पोटात डुचमळत राहतं आणि ६०-७० किमीला मळमळायला लागतं. जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक) घेऊन त्यावर हेच गोड पाणी पिणं हीसुद्धा तीच चूक. जेलवर साधं पाणीच प्यायचं.

उरलेले ग्रॅम खाण्यातून. सालीशिवाय १०० ग्रॅम केळ्यात साधारण २२ ग्रॅम, बी काढलेल्या चार मध्यम खजुरांत २५, मीठ लावलेल्या १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात १७-२०. शेंगदाण्याची चिक्की सायकलवर नको, त्यातलं तेल पचायला वेळ घेतं आणि ती चावताना श्वास तुटतो.

स्पर्धेची मांडणी अशी करा. निघताना दोन भरलेल्या बाटल्या, म्हणजे ९० ग्रॅम. तिसऱ्या बाटलीची कोरडी पूड मोजून छोट्या पिशवीत. पाण्याच्या टेबलापाशी अर्धा मिनिट थांबून ती भरा, आणखी ४५. एक केळं आणि आठ खजूर, साधारण ७२. हे झाले २०७. सगळी साखर एकाच घट्ट बाटलीत घालून सीटमागच्या स्टँडला लावू नका. एका स्पीडब्रेकरवर बाटली उडाली, की पुढच्या तीन तासांचं खाणं रस्त्यावर पडतं.

घड्याळात दर १५ मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की तीन-चार मोठे घोट, एकाआड एक गजराला दोन घासही. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. शेवटच्या २० मिनिटांत घन काही खाऊ नका.

पाणी किती प्यायचं ते तुमच्या घामावर ठरतं. "जमेल तितकं प्या" हा सल्ला धोक्याचा आहे. कपडे न घालता वजन करा, तासभर सायकल चालवा, अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा ६८.४ किलोचं ६७.७ झालं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात. घाम गेला ७०० अधिक ५००, म्हणजे तासाला १.२ लिटर. त्यातलं साधारण ६० ते ६५ टक्के, ७०० ते ८०० मिली, परत भरा. ही चाचणी पुण्याच्या थंड पहाटे करून उपयोग नाही, आकडा कमी येतो. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी दहानंतर करा, शक्य असेल तर कोकणात किंवा मुंबईत.

घामापेक्षा जास्त पाणी प्यायलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजून अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, गोंधळल्यासारखं वाटतं. अशा वेळी आणखी पाणी देणं जिवावर बेतू शकतं. पिणं थांबवा आणि वैद्यकीय मदत मागा.

मिठाबद्दल तीन गोष्टी. हेल्मेटच्या पट्ट्यावर पांढरे चट्टे उठत असतील, तर पाव चमच्याऐवजी एक तृतीयांश चमचा मीठ घाला. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम त्या मानाने कमी, आणि घामातून मुख्यतः सोडियम जातं. तेव्हा शहाळं नंतर प्या. ओआरएसच्या एक लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, ते अतिसारासाठी बनवलेलं आहे, त्यावर ९० किमी निघत नाहीत. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर मीठ-साखरेचे हे आकडे आधी डॉक्टरांना दाखवा.

मळमळ सुरू झालीच तर जोर कमी करा. जोरात पेडल मारताना रक्त पायांकडे जातं आणि आतडं काम थांबवतं. १०-१५ मिनिटं फक्त साध्या पाण्याचे छोटे घोट, डोक्या-मानेवर पाणी. मग निम्म्या मात्रेने पुन्हा सुरू करा.

६. शेवटचे दोन आठवडे

किलोमीटर निम्मे करा, नवीन काहीही आणू नका. दोन दिवस आधीपासून उसळी, कोशिंबिरी, भाकरी बंद. मऊ भात, पातळ वरण, बटाटा. स्पर्धेच्या दिवशी तीन तास आधी खा: जॅम लावलेला ब्रेड आणि केळं, किंवा मीठ घातलेला मऊ भात. साबुदाण्याची खिचडी नको, तूप आणि कूट पोटात बसून राहतं. रोज चहा घेत असाल तर तो घ्या.

७. सायकलवरून उतरल्यावर

पहिले तीन किमी ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे २०-३० सेकंद हळू. प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी चाला, दोन-तीन घोट प्या, बर्फ मिळाला तर टोपीत आणि मानेमागे ठेवा. पोट शांत असेल तर दर अर्ध्या तासाला अर्धं केळं किंवा पाण्यासोबत एक जेल. पंधराव्या किमीनंतर खायची इच्छा मेली, तर गोड पाण्याने चूळ भरून थोडं गिळा आणि पुढच्या टेबलापर्यंत पळत राहा.