'आपलाच माणूस' समोर बसतो तेव्हा: इंदूरच्या मराठी समुपदेशकांसाठी

इंदूरमध्ये मराठी समुपदेशकाकडे मराठी माणूस आला की सगळ्यात मोठी चूक पहिल्या पाच मिनिटांतच होते. आडनाव ऐकलं, घर रामबाग या मराठी वस्तीत आहे हे कळलं, की जात, देवघर, सासर-माहेर सगळं आपल्याला ठाऊक आहे असं वाटू लागतं, आणि विचारायचं राहून जातं. त्यांनी स्वतः सांगेपर्यंत जात, धर्म, घरचे नियम यांचा रकाना कोराच ठेवा. "लग्न झालंय का?" ऐवजी "घरी कोण कोण असतं?" असं विचारा. त्यात एकटे राहणारे, घटस्फोटित, समलिंगी जोडीदार असलेले सगळेच मावतात.

भाषेचं आधी ठरवा. इथल्या कितीतरी घरांत आजी मराठीत बोलते आणि नातवंडं हिंदीत उत्तर देतात. "मनातलं कोणत्या भाषेत नीट सांगता येतं?" एवढं विचारा, आणि बोलता बोलता भाषा बदलली तर तुम्हीही बदला. कोणत्या विषयाशी बदलली, ते टिपून ठेवा. वडिलांचा विषय निघताच कुणी हिंदीत शिरलं, तर तिथे थांबण्यासारखं काहीतरी असू शकतं. शुद्ध मराठीसाठी टोकू नका. माणूस गप्प होतो.

"घबराहट होते", "डोकं जड राहतं", "कशात मन लागत नाही" हे त्यांचे शब्द नोंदीत जसेच्या तसे लिहा. मग विचारा: घरचे याला काय म्हणतात? कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? आजवर काय काय करून पाहिलं? डॉक्टर, वैद्य, दर्गा, उतारा, सगळं ऐकून घ्या. कपाळावर आठी दिसली तर पुढची माहिती मिळणार नाही. 'अंगात येतं' म्हणाले तर केव्हा, कुणासमोर, आणि त्याचा त्यांना स्वतःला त्रास होतो का, हे कळल्याशिवाय आजाराचं नाव देऊ नका.

पीएचक्यू-९ (नैराश्य किती आहे हे मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेताना गेल्या २ आठवड्यांचंच विचारायचं. प्रश्न छापील शब्दांत वाचा, गुण त्याच उत्तरांचे धरा. त्यांच्या शब्दांत पुन्हा विचारलेलं उत्तर वेगळं लिहा. नववा प्रश्न, जीव नकोसा होण्याचा, कधीही गुळमुळीत करू नका.

सोबत सासू किंवा नवरा आला असेल तर ५० मिनिटांतली पहिली १० सगळ्यांसोबत, पुढची ३५ एकट्याशी. शेवटच्या ५ मिनिटांत बाहेर काय सांगायचं ते त्या व्यक्तीनेच ठरवावं. आपला समाज इथे लहान आहे, गणेशोत्सवात गाठ पडणारच. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा: "बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही." गुप्तता हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ने दिलेला हक्क आहे, जिवाला धोका असेल तर अपवाद होतो, हेही तेव्हाच सांगा. "मुलाला मुली आवडत नाहीत, त्याला सुधारा" असा आईवडिलांचा आग्रह असेल तर स्पष्ट नकार द्या. समाजाच्या रीतीत न बसणं म्हणजे आजार नव्हे, हे याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. आईवडिलांच्या भीतीसाठी मात्र वेगळी वेळ जरूर द्या.

उपासाचं विचारायला बहुतेक जण विसरतात. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्याने हरतालिकेचा निर्जळी उपास किंवा रोजा धरला, तर शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तातलं औषध धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. "उपास सोडा" म्हणून मोकळे होऊ नका. सणाच्या दोन-तीन आठवडे आधीच त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा. मात्रा किंवा वेळ बदलायची का, हे तेच ठरवतील. हात जास्त थरथरणं, जुलाब, तोल जाणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.