थिअरी येते, पण गिटारवर कॉर्ड हाताला बसत नाही

सी मेजर सेव्हन म्हणजे सी, ई, जी, बी. कीबोर्डवर ही कॉर्ड कुठूनही उलटवून घेता येते. गिटारवर ई खाली ठेवून ई-जी-बी-सी असे सलग स्वर चौथ्या ते पहिल्या (सगळ्यात बारीक) तारेवर शोधा: फ्रेट १४, १२, १२, ८. एवढा पंजा कोणाचाच फाकत नाही. शेजारच्या बहुतेक तारांत पाच सेमीटोनचं (एक सेमीटोन म्हणजे एक फ्रेट) अंतर असतं, त्यामुळे बी-सीसारखे चिकटलेले स्वर दोन तारांवर घेतले की चार फ्रेटांची ओढाताण होते.

म्हणून आधी तीनच स्वर घ्या: मूळ, तिसरा, सातवा. याला शेल म्हणतात. शुद्ध पाचवा गाळला तर फारसं बिघडत नाही. हाफ-डिमिनिश्डचा (म्हणजे पाचवा एक सेमीटोन उतरवलेल्या मायनर सेव्हनचा) कोमल पाचवा मात्र गाळू नका. खालचे आकडे जाड तारेकडून बारीक तारेकडे वाचायचे, × म्हणजे तार बंद.

डी मायनर सेव्हन: ×५३५××
जी सेव्हन: ३×३४××
सी मेजर सेव्हन: ×३२४××

चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे बघा. पहिल्या बदलात एफ जागच्या जागी राहतो, सी एक फ्रेट उतरून बी होतो. दुसऱ्या बदलात बी थांबतो, एफ उतरून ई होतो. व्हॉइस लीडिंग, म्हणजे एका कॉर्डचा प्रत्येक स्वर पुढच्या कॉर्डच्या जवळच्या स्वराकडे नेणं, कागदावर शिकलेल्यांना ते इथे बोटाखाली सापडतं. जी सेव्हनमध्ये पाचवी तार हमखास वाजते आणि नको असलेला ए घुसतो; सहाव्या तारेवरच्या बोटाचं टोक तिला हलकं टेकवून ठेवा.

शेल पक्के झाले की ड्रॉप-टू. सलग सी-ई-जी-बीमधला वरून दुसरा स्वर, म्हणजे जी, सप्तकभर खाली टाका. चौथ्या ते पहिल्या तारेवर ५-५-५-७ मिळतं: तर्जनी आडवी, करंगळी सातव्यावर. बाकीची उलटवणं ९-९-८-८, १०-१२-१२-१२ आणि २-४-१-३. यातलं शेवटचं बोटांना अवघडच जातं, ते मागाहून केलं तरी चालेल. प्रत्येकात बी कुठल्या तारेवर आहे ते ओळखा. तो एक फ्रेट उतरवला की सी सेव्हन. नुसता आकार पाठ केला तर हे जमत नाही.

हीच कॉर्ड पाचव्या ते दुसऱ्या तारेवर १०-१०-९-१२ होते. तिसऱ्या-दुसऱ्या तारेत चारच सेमीटोन असल्यामुळे आकार मोडतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

डिस्टॉर्शन लावल्यावर नेहमीचा खुला जी (३२०००३) गढूळ वाटला तर दोष पाचव्या तारेवरच्या बीचा. खालच्या पट्टीत मेजर थर्ड (इथे जी ते बी हे अंतर) गुरगुरतो. ती तार बंद करून ३×०००३ वाजवा.