देशी लोकरीचं फेल्ट करताय? या चुका टाळा

फेल्टिंग म्हणजे साबणाच्या पाण्यात लोकर चोळून तिचे तंतू एकमेकांत गुंतवायचे आणि न विणता घट्ट कापड, म्हणजे फेल्ट, करायचं. त्याचे व्हिडिओ बघून कोल्हापुरात प्रयोग करणाऱ्यांना पहिली ठेच लागते ती लोकरीतच. व्हिडिओत असते मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर, तंतूची जाडी साधारण 18 ते 22 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), साबणाचं पाणी लागलं की लगेच गुंतायला लागणारी. पट्टणकोडोलीच्या बाजूला घोंगडीसाठी मिळते ती दख्खनी मेंढीची लोकर. ती जाड, खरखरीत, आणि मधूनमधून त्यात ताठ, ठिसूळ केस. हे केस फेल्ट होतच नाहीत. कितीही चोळा, वर टोचत राहतात. मग पाणी आणखी गरम केलं जातं, साबण वाढवला जातो, हात दुखून येतात आणि तुकडा आहे तसाच राहतो.

त्यापेक्षा जावळाची लोकर मागा, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची. महाग पडते आणि हवी तेव्हा मिळेलच असंही नाही. मोठ्या मेंढीचीच मिळाली तर ताठ केस हाताने वेचून काढा, लोकर नीट पिंजून घ्या आणि चौथा हिस्सा मेरिनो मिसळून आधी छोटा तुकडा करून बघा. आणि स्पष्टच सांगायचं तर देशी लोकरीचा स्टोल करायच्या फंदात पडू नका. दोन मिनिटांत मान खाजायला लागते. पिशवी, आसन, भिंतीवर टांगायचं काम यांत हीच लोकर अशी शोभते की मेरिनो तिच्यापुढे मिळमिळीत वाटावी.

लोकर कापडापासून सुटते

पातळ कापडातून लोकर आरपार नेऊन दोन्ही एकजीव करायचं, याला नूनो फेल्टिंग म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या पॉली स्टर्लिंग यांनी 1990च्या दशकात हे तंत्र पुढे आणलं. आपल्याकडे इचलकरंजी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेली कोरी, न धुतलेली मलमल स्वस्तात मिळते आणि तीच थेट टेबलावर अंथरली जाते. घोळ इथंच होतो. मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला सायझिंगची खळ दिलेली असते, शिवाय कोऱ्या कापसात मूळचा मेणचटपणा असतो. लोकरीचे तंतू आत शिरणार कुठून?

कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर कापड अजून तयार नाही. धुण्याचा सोडा घालून उकळा, खळखळून धुवा, वाळवा, पुन्हा थेंब टाका. टाकल्या टाकल्या जिरला की काम सुरू करा. वीण किती विरळ आहे ते बघायला कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हातावर वारा लागला पाहिजे. पॉपलीन इथं बाद होतं. पॉलिएस्टर विरळ असेल तर त्यातूनही लोकर जाते, पण नंतर नैसर्गिक रंग चढवायचा असेल तर ते कोरंच राहील. शंका असेल तर सूत जाळून बघा. कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

कापड चांगलं असूनही लोकर सुटत असेल तर घाई नडलेली असते. सुरुवातीलाच कढत पाणी आणि जोरात चोळणं, यामुळे लोकर आपापसात गुंतते आणि कापड बाजूला राहतं. सुरुवात कोमट पाण्याने, हलक्या हाताने करा. मधूनमधून कापड उलटून बघा. मागच्या बाजूला बारीक लव दिसायला लागली की मग गुंडाळी करून जोर लावा. लोकर आधीच वेगळी आळून बसली असेल तर ती आता आत शिरणार नाही. वाकळेसारखे धावदोरे घालून ती कापडावर धरा. काही वेळा असा तुकडा मूळ कल्पनेपेक्षा देखणा होतो.

मापाचा हिशोब

लोकर दोन-तीन पातळ थरांत, एकमेकींना आडवी-उभी लावा, हे बहुतेकांना माहीत असतं. हिशोब मात्र चुकतो. 30 सेंमीचा नमुना करून बघितला, तो 18 सेंमी झाला, म्हणजे 40 टक्के आळला. आता 60 सेंमीचं आसन हवं, म्हणून 60 मध्ये 40 टक्के मिळवून 84 सेंमी मांडतात. तयार होतं जेमतेम 50. भागायचं असतं: 60 भागिले 0.6, म्हणजे 100 सेंमी. शिवाय ज्या दिशेने गुंडाळी फिरवता त्या दिशेने कापड जास्त आळतं, म्हणून ती दर थोड्या वेळाने उलगडून आडवी फिरवा.

साबण साधा वापरा. एन्झाइमवाल्या पावडरी प्रथिनांचे डाग खातात, आणि लोकर हेही प्रथिनच. फेस फार झाला तरी हात नुसता घसरतो, घर्षण होत नाही. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, साबणाचा अंश निघून जातो.

काळ्या रंगासाठी गूळ आणि गंजकं लोखंड आंबवून केलेलं पाणी हिरड्याच्या पाण्यात भिजवून घेतलेल्या तुकड्यावर छान उठतं, गुळाला तर इथं तोटा नाही. पण ते तीव्र झालं की लोकर राठ होते आणि सूत कालांतराने कुजतं. काळ्या मेंढीची लोकर समोर असताना हा खटाटोप कशाला?

पावसाळा

जून ते सप्टेंबर जाड फेल्ट वरून कोरडं लागतं, आत ओलं असतं. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा, मग पंख्याखाली जाळीवर पसरा आणि उलटत राहा. तसंच कपाटात ठेवलं तर आधी वास, मग बुरशी. नीट न धुतलेल्या लोकरीला कसरही लवकर लागते. कसर दिसली तर तुकडा पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतला थंडपणा जाऊ द्या, नाहीतर हवेतला दमटपणा धरून तो पुन्हा ओला होतो.