पावसाची तारीख आधी तपासा: हवामान संशोधनात नव्याने आलेल्यांसाठी

हवामान संशोधन संस्थेत जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) म्हणून रुजू झालात की सगळे दोनच गोष्टी सांगतात: पेपर वाचा, पायथन शिका. ते तुम्ही करालच. मला सांगायचंय ते पावसाळ्यातल्या हवामान चर्चेबद्दल. तिथे जाऊन बसा. तुमचा विषय एरोसोल (हवेतले सूक्ष्म कण) असो की समुद्राचं तापमान, तरीही बसा.

सुरुवातीला डोक्यावरून जाईल. कुणी म्हणेल, मान्सूनची आस (कमी दाबाचा पट्टा) हिमालयाच्या पायथ्याशी सरकली, आता ब्रेक (पावसात खंड) येणार. कुणी पहाटे साडेपाचच्या हवामान फुग्याचा आलेख लावून बाष्प किती उंचीपर्यंत आहे यावर वाद घालेल. नुसतं ऐकलंत तरी चालतं, नवख्याला तिथे कुणी हसत नाही. कुठलं रडार बंद पडलंय, कुठल्या डेटाची नवी आवृत्ती आली, कुणाला फील्डवर माणसं हवी आहेत, हे सगळं ईमेलच्या आधी तिथे कळतं.

मी कितीतरी दिवस ज्यात अडकलो होतो ती पावसाच्या तारखेची गाठही तिथेच सुटली. माझ्या आलेखाकडे बघून एका जुन्या निरीक्षकांनी विचारलं, "हा पाऊस कुठल्या साडेआठचा?"

नीट समजून घ्या. भारतीय हवामान विभाग रोजचा पाऊस सकाळी ८:३० ला मोजतो, आणि आदल्या दिवशीच्या ८:३० पासूनचे २४ तास आजच्या तारखेवर लिहिले जातात. विभागाच्या पाव अंशाच्या ग्रिड डेटातही (नकाशावर पाव अंशाच्या चौकटी आखून दिलेला पाऊस) तारीख तशीच. २००५ चा मुंबईचा प्रलय घ्या. आपण सगळे त्याला '२६ जुलै' म्हणतो, पण सांताक्रूझचे ते ९४४ मिमी नोंदीत २७ जुलैला आहेत, कारण २७ च्या सकाळी ८:३० ला ते २४ तास पुरे झाले. फाइल उघडून दोन्ही तारखा शेजारी शेजारी छापून बघा. माझ्या शब्दावर विसंबू नका.

आता ८:३० म्हणजे ०३ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे). ईआरए५ मध्ये (निरीक्षणं आणि मॉडेल मिळून बनवलेला जागतिक हवामान डेटा) पावसाचा प्रत्येक आकडा त्या वेळेला संपलेल्या तासाचा असतो. म्हणून विभागाच्या २७ तारखेशी जुळवायचं तर २६ च्या ०४ यूटीसीपासून २७ च्या ०३ यूटीसीपर्यंतचे २४ आकडे बेरजेत घ्या, आणि मीटरचे मिमी करायला विसरू नका. उपग्रहाचा तयार दैनिक पाऊस बहुधा ०० ते २४ यूटीसीचा असतो. तो घेऊ नका, अर्ध्या तासाचा घ्या आणि बेरीज स्वतः करा.

"तारीख एक दिवस सरकवली की झालं" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. त्यात पहाटे साडेपाच (०० यूटीसी) ते साडेआठचे तीन तास चुकीच्या दिवसात जातात, आणि जिथे पाऊस पहाटे कोसळतो तिथे तेच तीन तास महत्त्वाचे ठरतात. सीनियरकडून आलेली स्क्रिप्ट तर ओळ न् ओळ वाचल्याशिवाय चालवूच नका. अशा स्क्रिप्टमध्ये ही सरकवासरकवी कुठेतरी दडलेली असते आणि ती कुणी केली हे कुणालाच आठवत नसतं.

तारखांचा हा घोळ लवकर सापडत नाही, कारण मासिक बेरजेत तो जवळजवळ दिसतच नाही. दोन डेटांच्या रोजच्या आकड्यांचा सहसंबंध मात्र घसरतो आणि माणूस मॉडेलला दोष देत बसतो.

गाईडबद्दल माझं मत ठाम आहे: जो एका स्टेशनचा, एका दिवसाचा कच्चा आकडा दाखव म्हणतो, तो चांगला गाईड. तुमचा फक्त "पेपर कधी?" एवढंच विचारत असेल, तर वेधशाळेतल्या तांत्रिक कर्मचाऱ्यांशी ओळख वाढवा. परवानगी घेऊन एकदा सकाळी साडेआठला पर्जन्यमापकापाशी उभे राहा. पाणी मोजपात्रात ओततात, नजर पाण्याच्या पातळीला आणून पाण्याच्या वक्र पृष्ठभागाच्या खालच्या कडेवर वाचन घेतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वहीत लिहितात, आणि तारीख आजची टाकतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरायला होत नाही.

तुमच्या कामात हे आधीच घुसलं असेल तर घाबरू नका. दुरुस्ती कोडच्या चार ओळींची आहे, आणि मासिक बेरजांवरचे निष्कर्ष बहुतेक टिकतात. दैनिक आकड्यांवरचं सगळं मात्र पुन्हा चालवावं लागेल, त्यात सवलत नाही. सेमिनार देऊन झाला असेल, तर दुरुस्त आकृती घेऊन त्याच दिवशी गाईडकडे जा.