लहानपणी घरातल्याच माणसाने केलेला लैंगिक अत्याचार: मोठेपणी सावरायला सुरुवात कुठून करावी

काका, मामा, आजोबा, वडील, मोठा भाऊ, आतेभाऊ किंवा 'घरचाच' म्हणून वावरणाऱ्या कुणी लहानपणी लैंगिक अत्याचार केला आणि त्याचं ओझं आज पंचविशीत, चाळिशीत, साठीतही उतरत नाही, अशा बायका-पुरुषांसाठी हे लिहिलं आहे. त्यांच्या जोडीदारासाठी, आईसाठी, बहिणीसाठीही. प्रसंगांचे तपशील यात कुठेही नाहीत. तरीही वाचताना छातीत धडधडलं, हातपाय गार पडले, तर इथेच थांबा आणि उरलेलं उद्या वाचा.

तुम्ही एकटे नाही, हे आकड्यांतही दिसतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी तोवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्रास नेमका कसा दिसतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात (ते जानेवारी २०२२ पासून लागू आहे) 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' (दीर्घ आघातानंतर मागे राहणारा गुंतागुंतीचा मानसिक त्रास) अशी वेगळी नोंद आहे. त्यात आधी तीन गोष्टी येतात. जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं आणि सतत धोक्याच्या पवित्र्यात राहणं. त्यांच्या जोडीला आणखी तीन असतात: भावना एकदम उसळणं किंवा पार सुन्न होणं, 'मीच घाणेरडी', 'माझ्यातच खोट आहे' असं आत घट्ट बसलेलं मत, आणि कुणाच्या जवळ जाणं किंवा टिकून राहणं अवघड होणं. अत्याचार झालेल्या प्रत्येकाला हा आजार होतोच असं नाही. काहींना फक्त नैराश्य येतं, काहींना दारूचा आधार लागतो, काहींची झोप जाते.

घरात हे साध्या गोष्टींतून दिसतं. दाराची कडी रात्री तीनतीनदा तपासली जाते. पलंगाजवळ पाऊल वाजलं की झोप खाडकन उडते. ठरावीक तेलाचा, तंबाखूचा, आफ्टरशेव्हचा वास आला की मळमळतं. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवं होता येत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाकडची तपासणी वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते. पुष्कळांचा त्रास वीसेक वर्षं दबून राहतो आणि आपलं मूल त्याच वयाचं झालं की उसळून वर येतो. हा वेडेपणा नव्हे. ते वय समोर दिसलं की आपण तेव्हा किती लहान होतो हे पहिल्यांदा डोळ्यांनी कळतं.

घरातल्या माणसाने केलेला अत्याचार इतका खोल का जातो, यावर डेव्हिड फिंकेलहॉर आणि अँजेला ब्राऊन या संशोधकांनी १९८५ साली चार कारणं मांडली: वयाआधी लादलेली लैंगिकता, विश्वासघात, हतबलता आणि कलंक. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी पुढे यातल्या विश्वासघातावर नेमकं बोट ठेवलं. जेवण, फी, छप्पर ज्याच्या हातात आहे त्याच्यापासून पळता येत नाही. मग मूल जगण्यासाठी जे कळलं ते न कळल्यासारखं करतं. म्हणून आठवणी तुटक असतात, म्हणून त्या माणसाबद्दल प्रेमही वाटत राहतं. तेव्हा ओरडलो का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. भीतीने शरीर गोठतं, ते आपल्या हातात नसतं. आणि शरीराने काही प्रतिसाद दिला असेल तर तो ठेच लागल्यावर डोळ्यांत पाणी यावं तसा आपोआप आलेला असतो. त्याला संमती म्हणत नाहीत.

पहिले काही महिने: आज सुरक्षित होणं

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: सुरक्षितता, आठवून शोक करणं आणि पुन्हा माणसांत येणं. बहुतेकांचं गणित चुकतं ते दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात केल्यामुळे. एखाद्या रात्री सगळं एका दमात कुणाला तरी सांगितलं जातं, किंवा घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं जातं, आणि मग पुढचे कित्येक दिवस झोप, भूक, काम सगळं कोलमडतं. आधी झोप, जेवण, औषधं, पैसे आणि कडी लागणारी एक खोली यांची सोय पाहा. तो माणूस अजून तुमच्याच घरात असेल तर बाकी सगळं नंतर. आधी राहण्याची दुसरी सोय शोधा.

फ्लॅशबॅक आला, म्हणजे जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटलं, तर करायच्या गोष्टी आधी शांत असताना शिकून ठेवा, रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. ऐन वेळी नवं काही सुचत नाही. डोळे उघडे ठेवा. दोन्ही तळपाय जमिनीवर दाबा. मोठ्याने म्हणा: आज अमुक वार, अमुक साल, माझं वय इतकं, मी अमुक गावात आहे, तो इथे नाही. मग दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, दहा-बारा वेळा. तरीही भान येत नसेल तर तोंडावर गार पाणी मारा किंवा ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून गालावर धरा. हृदयाचा त्रास असेल तर मात्र बर्फ नको. एक चूक सर्रास होते: 'डोळे मिटून शांत व्हा' असा सल्ला दिला जातो. डोळे मिटले की पुष्कळांना जुनंच दृश्य दिसायला लागतं. ध्यान किंवा शवासन जमत नसेल तर सोडून द्या, चाला.

तेच ते वाईट स्वप्न पडत असेल तर ते दिवसा कागदावर लिहा, शेवट तुम्हाला हवा तसा बदला आणि नवं स्वप्न रोज दहा ते वीस मिनिटं मनात फिरवा. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून करू नका, मधल्या एखाद्यापासून करा. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

काहींना शुद्ध हरपून झटके येतात, पण झटका चालू असतानाचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल असतो. घरचे कधी 'अंगात येतं' म्हणून देवऋषीकडे नेतात, कधी वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात. अशा झटक्यांमागे मनाचा जुना आघात असू शकतो. न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनी मिळून ते पाहायला हवं. हे ढोंग नसतं, आणि गोळ्या स्वतःहून बंदही करायच्या नसतात.

समुपदेशक निवडताना

पहिल्या फोनवरच विचारा: लहानपणीच्या लैंगिक अत्याचारावर तुम्ही काम केलं आहे का? कुठल्या पद्धतीने? मी सांगितलेलं कुणापर्यंत जाऊ शकतं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते. ती विचारण्यात काही गैर नाही. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचाली करत घ्यायचा उपचार) या पद्धतींना संशोधनाचा चांगला आधार आहे. एकाच घटनेच्या आघाताला आठ-पंधरा बैठका पुरतात. घरात वर्षानुवर्षं चाललेल्या अत्याचाराला जास्त वेळ लागतो, कधी वर्षभरही.

कुणी पहिल्याच भेटीत सगळं सविस्तर सांगायला लावत असेल, संमोहनाने 'दडलेल्या आठवणी काढून देतो' म्हणत असेल किंवा 'माफ करा म्हणजे मोकळे व्हाल' असा आग्रह धरत असेल, तर दुसरा माणूस शोधा. संमोहनात सूचनेने खोट्या आठवणीही तयार होऊ शकतात आणि खऱ्या आठवणींवरचा तुमचाच विश्वास त्यामुळे ढासळतो. आठवत नाही ते न आठवताही बरं होता येतं.

औषध लागलं तर बहुधा सर्ट्रालीनसारखं एसएसआरआय गटातलं नैराश्यावरचं औषध देतात. फरक जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते, आणि नेमकं तेव्हाच लोक ते सोडतात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या या त्रासावरचा उपाय नाहीत. त्यांची सवय लागते.

पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत असतो आणि मराठीतून बोलता येतं. मुंबईत 'अर्पण' ही संस्था मुलांवरच्या लैंगिक अत्याचारावरच काम करते. घरातल्या माणसांकडून अत्याचार झालेल्या बायकांसाठी दिल्लीची 'राही' १९९६ पासून उभी आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. लगेच १४४१६ फिरवा, जवळच्या कुणाला सोबत बसवून घ्या, घरातल्या गोळ्या त्यांच्या ताब्यात द्या.

सणवार, लग्नं आणि तो माणूस

परक्याने केलेल्या अत्याचारात ही अडचण येत नाही. इथे मात्र तोच माणूस गौरी-गणपतीला आरतीत शेजारी उभा असतो, लग्नात 'मोठे आहेत, पाया पड' म्हणून समोर आणला जातो. भाऊ किंवा चुलतभाऊ असेल तर भाऊबीजेला त्यालाच ओवाळायचं असतं, आणि ताट हातात धरलं की हात थरथरतात. घरच्यांना तो फक्त नखरा वाटतो.

जायचं की नाही हे दरवेळी नव्याने ठरवा. 'काय वाटेल त्यांना' या एका कारणासाठी जाऊ नका. न जाण्याचं वाक्य छोटं ठेवा: "यंदा जमणार नाही." कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो. जायचंच असेल तर तयारी अशी करा. परतीचं वाहन आपल्या हातात हवं. मुक्काम त्या घरात नको, हॉटेलात किंवा मैत्रिणीकडे. किती वेळ थांबायचं ते निघण्याआधी ठरवा, दोन तास म्हणजे दोन तास. हकिकत माहीत असलेलं एक माणूस सोबत असू द्या आणि त्याच्याशी एक साधं वाक्य ठरवा, 'माझ्या गोळीची वेळ झाली' असं काहीतरी. ते ऐकलं की काही न विचारता त्याने निघायचं. हात जोडून लांबून नमस्कार पुरतो. तुमची मुलं बरोबर असतील तर त्यांना त्या माणसाजवळ क्षणभरही एकटं सोडू नका, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. घरी परतल्यावर दुसरा दिवस रिकामा ठेवा. त्रास बहुधा तेव्हाच उसळतो.

तो माणूस वारला की वेगळाच पेच पडतो. सगळे त्याचे गुण गातात आणि तुमच्या मनात सुटका, राग, रडू, अपराध सगळं एकदम येतं. तेराव्याला न जाण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. रडू आलं तर त्याने जे घडलं ते खोटं ठरत नाही.

घरात सांगायचं का

सांगणं हा उपचाराचा अनिवार्य भाग नाही. सांगायचं असेल तर आधी स्वतःला विचारा: मला यातून काय हवं आहे? त्याची माफी हवी असेल तर बहुतेक वेळा निराशाच हाती येते, कारण तो नाकारतो. भाचीपुतण्यांना जपायचं असेल किंवा सणांतून मोकळीक हवी असेल, तर ते मिळण्यासारखं आहे. पहिल्यांदा सर्वांत विश्वासू अशा एकाच माणसाला सांगा, तेही दिवसा आणि समोरासमोर, आणि किती सांगायचं ते आधीच ठरवून. एवढंही पुरे होतं: "लहानपणी त्यांनी माझ्याशी लैंगिक गैरवर्तन केलं. तपशील मी सांगणार नाही. मला तुमच्याकडून इतकंच हवंय..." आणि पुढे हवी असलेली एक गोष्ट. आई पहिल्या झटक्यात 'असं कसं होईल' म्हणू शकते, तिचाही संसार त्या क्षणी हादरलेला असतो. पण महिनोन्‌महिने तुम्हालाच खोटं पाडलं जात असेल तर पुन्हापुन्हा पटवत बसू नका.

ऐकणाऱ्याने 'तेव्हाच का नाही सांगितलंस' हे विचारू नये. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ सालीच मांडलं की गुप्तता, हतबलता, उशिरा सांगणं आणि सांगितलेलं मागे घेणं हाच अशा मुलांचा नेहमीचा क्रम असतो. "माझा तुझ्यावर विश्वास आहे, चूक तुझी नव्हती, तुला आता काय हवंय?" इतकं म्हणा आणि गप्प बसा. 'घराची अब्रू', 'झालं गेलं विसर' हे शब्द पहिल्या अत्याचाराइतकेच जिव्हारी लागतात.

कायद्याबद्दल

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही त्याचं संरक्षण आहे, आणि नातेवाइकाने केलेला गुन्हा त्यात अधिक गंभीर धरला आहे. त्या तारखेनंतरच्या घटनेची तक्रार अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरही करता येते. केंद्रीय विधी मंत्रालयाने २०१८ साली ते स्पष्ट केलं. त्याआधीच्या घटनेला जुनं भारतीय दंड विधान लागतं. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला फौजदारी कायद्यात तक्रारीची मुदत नाही. मात्र जुन्या प्रकरणात पुरावा उभा करणं कठीण जातं, म्हणून पोलिसांत जाण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशी बोला. स्त्रियांना तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तक्रार केली नाही म्हणून तुम्ही भित्रे ठरत नाही.

एका बाबतीत मात्र निवड नाही. तोच माणूस आज अठराच्या आतल्या कुठल्या मुलाशी असं वागत असल्याचं कळलं, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी मदत सुरू होते.

जोडीदारासाठी थोडं

मागून येऊन मिठी मारू नका. झोपेत असताना हात लावण्याऐवजी लांबून नावाने हाक मारा. जवळीक करताना 'थांब' म्हटलं की त्या क्षणी थांबायचं, कारण विचारायचं नाही आणि रुसायचंही नाही. काही आठवडे फक्त हात धरणं, पाठ चोळून देणं इतकंच ठेवायचं आणि पुढे जायचं की नाही हे दरवेळी त्यांनी ठरवायचं. सगळं बंद ठेवून एक दिवस अचानक 'आता तरी' म्हणण्यापेक्षा हे खूप बरं. नवरा अत्याचारातून गेलेला असेल तर तो बहुधा चिडचिड, दारू किंवा कामात बुडणं यांतून ते दाखवेल, आणि 'मीही तसाच होईन का' ही भीती त्याने कुणाला बोलून दाखवलेली नसेल. अत्याचार सोसलेले बहुतेक लोक कुणावरही अत्याचार करत नाहीत, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा दंतवैद्याकडे जाताना सोबत जा, आणि डॉक्टरांना आधीच सांगा: प्रत्येक पायरी आधी तोंडाने सांगा, हात वर केला की थांबा.