फुटकं कौल खिडकीत ठेवायची रीत

बायबलच्या वचनाची फ्रेम भिंतीला लावायला माझी ना नाही. आमच्याकडेही आहेत. पण चार-सहा महिन्यांत नजर त्यांच्यावरून घसरायला लागते आणि आल्यागेल्यापैकी कुणी त्यांच्याबद्दल काही विचारत नाही. देवाच्या विश्वासूपणाची खूण घरात ठेवायची असेल, तर जी बघून पोर म्हणेल, "हे काय गे आज्जी?" अशी ठेवा. बायबलात यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात हीच रीत आहे. यार्देन नदी ओलांडताना इस्राएलाच्या बारा वंशांच्या बारा माणसांनी पात्रातून एकेक धोंडा खांद्यावर आणला, ते गिलगालात उभे केले, आणि पुढे मुलं विचारतील तेव्हा काय सांगायचं तेही ठरवून दिलं. धोंडे दिसायला चांगले होते असं कुठे लिहिलेलं नाही.

वस्तू त्या घटनेतलीच हवी, बाजारातून आणलेली नको. ते धोंडेही याजकांचे पाय जिथे टेकले होते तिथलेच होते. आमच्या खिडकीत एक फुटकं कौल आहे. खानापूरला कौलं-विटांचं कुणाला अप्रूप नाही, म्हणूनच ते खिडकीत बघून माणूस विचारतो. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात आमची मागची मातीची भिंत रात्री छपरासकट बसली. संध्याकाळीच शेजारच्या आक्का येऊन म्हणाल्या होत्या, "भिंत भिजलीया, लेकरं घेऊन आमच्याकडं झोपायला या की." त्या आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, नव्हेत; त्यांच्या देवघरासमोरच आम्ही अंथरुणं टाकली. गोष्ट सांगताना मी आक्कांना कधी गाळत नाही. देवानं ज्याच्या हातून राखलं, त्याचं नाव गोष्टीत यायलाच हवं.

कौल टिकतं, कागदाचं तसं नाही. हल्ली बसचं तिकीट किंवा दवाखान्याची पावती मशीनमधून निघते, ती अक्षरं उष्णतेनं उमटलेली असतात आणि काही महिन्यांत उडायला लागतात. लॅमिनेशन करू म्हणाल तर तापलेल्या रोलरमधून कागद काळाकुट्ट होऊन बाहेर येतो. आधी झेरॉक्स काढा, मग दोन्ही एकत्र ठेवा. आमच्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या आणि नव्या चपलांच्या डब्यात येते ती पांढऱ्या खड्यांची पुडी आत टाका. लोखंडाच्या वस्तूला खोबरेल तेलाचा हात पुरे. मलप्रभेतला गोटा असेल तर धुऊन, उन्हात चांगला वाळवून बारीक ब्रशनं ऑइल पेंटमध्ये लिहा; मार्करची शाई उन्हानं जाते. लिहायचं ते फक्त महिना आणि वर्ष. सगळी हकीकत लिहून ठेवलीत तर विचारायला काय उरलं?

सगळ्या खुणा जिंकल्याच्याच नकोत. बरणीत आमच्या यजमानांच्या चष्म्याचं घर आहे. ते आजारातून उठले नाहीत. मंडळीतल्या एका बाईंनी तोंडावर विचारलं, "ही कसली साक्ष?" मी म्हटलं, पहिलं शमुवेल उघडा. सातव्या अध्यायात शमुवेल धोंडा उभा करून त्याला एबन-एजर म्हणतो, येथवर परमेश्वरानं साहाय्य केलं म्हणून. पण हे नाव चौथ्या अध्यायातही आहे. इस्राएलाचा तळ तिथेच होता, ते हरले आणि देवाच्या कराराचा पवित्र कोशही शत्रूनं, पलिष्ट्यांनी, नेला. मार खाल्लेल्या जागेचं नाव त्या धोंड्याला मिळालं. यजमानांच्या त्या दिवसांत जेवणाचा डबा आणि रात्रीची सोबत यांत काही अडलं नाही, ते मी पोरांना सांगते. बाकीचं मला कळलेलं नाही, तेही सांगते.

एक पथ्य मात्र कडक पाळा. खूण म्हणजे ताईत नव्हे. आपल्या भागात गंडेदोरे पुष्कळ, त्यामुळे मनगटाला बांधायची किंवा गळ्यात घालायची खूण मी तरी सुचवणार नाही. नातवानं परीक्षेला जाताना बरणीतलं एक बटण खिशात घातलं, ते मी काढून घेतलं आणि त्याच्यासाठी प्रार्थना केली. मोशेनं देवाच्याच सांगण्यावरून केलेल्या पितळी सापापुढे पुढे लोक धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले. दुसरं राजे, अठरावा अध्याय. तुमच्या खुणेचंही तसं व्हायला लागलं तर ती उकिरड्यावर टाकायची तयारी ठेवा.

खुणा बोलक्या करायला दिवस लागतो. आमचा 31 डिसेंबर. वॉच नाइटच्या, म्हणजे वर्ष सरतानाच्या रात्रीच्या, भक्तीला चर्चमध्ये निघण्याआधी जेवणं उरकून बरणी चटईवर रिकामी करायची, प्रत्येकानं एक वस्तू उचलायची आणि तिची गोष्ट सांगायची. गेल्या वर्षी जिची सांगितली ती यंदा घ्यायची नाही, नाहीतर मोठे तेच तेच बोलतात आणि पोरं जांभया देतात. आमची सून धारवाडकडची, ती कन्नडमध्ये सांगते. चुकलं तर दुरुस्त करायला सगळे टपलेले असतात, गोष्टी पाठ होतात त्या तिथेच.

बरणी भरली की दुसरी आणू नका. ज्याची गोष्ट त्याला वस्तू देऊन टाका. लेक पुण्याला राहायला गेली तेव्हा तिचा गोटा तिच्याबरोबर दिला. काच किंवा कौल पाठवायचं असेल तर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात भाताचं तूस भरा, आणि वर्ष लिहिलेली बाजू आत ठेवा, म्हणजे रंग घासला जात नाही.