कानात शिट्टी वाजत असताना झोप कशी लावायची

मोठ्या आवाजानंतर कानात राहून गेलेली शिट्टी दिवसा कामाच्या गडबडीत जाणवत नाही, पण दिवा मालवला की डोकं खाते. अशा वेळी शांतता शोधू नका. शांततेतच ती जास्त ऐकू येते.

१. उशीपासून हातभर लांब पंखा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज लावा. बातम्या, गप्पा नकोत, शब्द आले की मन ऐकत बसतं.
२. आवाज हळूहळू वाढवा आणि शिट्टी त्यात बुडायच्या जरा आधी थांबा. दोन्ही ऐकू आले पाहिजेत. खरी मेख इथेच आहे: शिट्टी पुरती झाकली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करायची सवय मेंदूला लागत नाही.
३. रात्री मध्येच जाग येत असेल तर टायमर नको, सकाळपर्यंत चालू द्या.

कानात बोळे घालून दिवसभर वावरणंही टाळा. ते ड्रिल, जनरेटर, मोठे स्पीकर यांच्यासाठी राखून ठेवा.

मात्र एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर हे प्रयोग करत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. उपचारांचा उपयोग होतो तो सुरुवातीच्या दिवसांतच.